भिवापूरची मिरची, कात्रजचं दूध

...आणि वर सही घेतात हो! चिकन खायला सही! तुम्हाला सांगतो, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा एवढा मोठा कागद पुढं केला नव्हता कुणी. 'सदर पदार्थ मी स्वखुशीने खात आहे, पुढे जे होईल त्यास हॉटेल जबाबदार नाही.' तो दाढीवाला वेटर म्हणतो कसा, "अंकल, लेव्हल फाइव्ह आहे, शुअर ना?" मी म्हटलं, आण इकडं पेन! कोणाला घाबरवतोस? आम्ही भिवापूरचे!

आता तुम्ही विचाराल, हे भिवापूर कुठं आलं? नागपूरहून उमरेड, उमरेडच्या पुढं भिवापूर, आणि भिवापुरात काय, तर मिरची! नुसती मिरची! हंगामात गावात शिरलं की आधी ठसका, मग रामराम. मी मेश्राम, अठ्ठावीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुण्यात आलो, विश्रांतवाडीत घर केलं, पण तिखट गावचंच. बहीण मैना दर उन्हाळ्यात पाच किलो मिरची पाठवणार, आमची बायको प्रेमला ती कांडून आणणार, आणि वर्षभर ताटात लालभडक रस्सा! ऑफिसात डबा उघडला की मी म्हणायचो, बाबांनो, तुम्ही जे खाता ना त्याला तिखट नाही म्हणत, तो शिरा आहे. पुणेकर कसा, भांडत नाही. नुसतं म्हणतो, "असं का?" अठ्ठावीस वर्षं मी "असं का?" ऐकत आलोय, पण माघार? छे! आम्ही भिवापूरचे!

तर आमची सोनाली. एकुलती एक. तिनं ठरवलं आमोदशी लग्न करायचं. मुलगा चांगला हो, नोकरी आहे, नमस्कार वाकून करतो... पण राहायला कुठं? कात्रजला! डेअरीच्या मागं! मी म्हटलं, दुधावर वाढलेली माणसं, ज्यांच्या आमटीत गूळ, त्या घरात भिवापूरची पोरगी? पाणी पाणी करून मरेल! दोन वर्षं मी हटून बसलो. दोन वर्षं ती धड बोलली नाही माझ्याशी, आणि सांगतो ना जी, ते फार लागतं. तोंडानं कबूल करत नसतो आपण, पण लागतं. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, आमोदच्या वडिलांबरोबर एकदा जेवायला बसा. ते तुमच्याइतकं तिखट खाऊ शकले तर?" मी म्हटलं, तर त्याच ताटावर हो म्हणतो! तेव्हा सोनालीनं प्रेमलाकडं बघितलं आणि प्रेमलानं खिडकीबाहेर. मला तेव्हाच कळायला हवं होतं... पण कळलं तर तो मी कसला?

जागा पोरांनी निवडली. येरवड्याच्या पुढं एक ब्रूअरी आहे. काचेपलीकडं मोठमोठ्या टाक्या, त्यातच बिअर तयार होते म्हणे, आणि बसायला अशी उंच स्टुलं की साठीच्या माणसानं चढावं कसं आणि उतरावं कसं! शेजारी प्रेमला, पलीकडं पोरं, समोर दिगंबरराव. आमोदचे वडील. किडकिडीत, शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर, आवाज इतका मऊ की पुढं वाकून ऐकावं लागतं. "मेश्रामसाहेब, आपण म्हणाल ते घेऊ." मी मनात म्हटलं, बिचारा! आजच हॉस्पिटलात पोचणार!

आलं चिकन. तळलेलं, कुरकुरीत, वर तो काळपट लाल मसाला, आणि वास असा की शेजारच्या टेबलावरचा माणूस शिंकला! मी मोठा तुकडा उचलला, दिगंबररावांकडं बघून हसलो, आणि घातला तोंडात.

पहिले दोन सेकंद... काही नाही. मी म्हटलं, हॅ! यासाठी सही?

तिसऱ्या सेकंदाला कान गेले! अहो, खरंच, प्रेमलाचं तोंड हलताना दिसतंय आणि ऐकू काही येत नाही! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, टक्कल घामानं चिंब, मी बिअरचा घोट घेतला तर आग आणखी भडकली! बोलायला जातो तर "फू... फू..." आणि समोर? समोर दिगंबरराव चौथा तुकडा संपवतायत. शांतपणे. हाड बाजूला ठेवतायत. वर वेटरला विचारतायत, "अहो, जरा लिंबू मिळेल का?"

मी कसाबसा म्हटलं, "तुम्हाला... फू... तिखट... लागत नाही?"

"सुरुवातीला लागायचं हो," ते म्हणाले. "पण सोनाली तीन वर्षं ती भिवापूरची मिरची देते ना घरी, पाच-पाच किलो. आता सवय झाली. आता त्याशिवाय जेवणच जात नाही."

भिवापूरची? पाच किलो? मैनाची?

मी प्रेमलाकडं वळलो. म्हटलं, "काऊन वो! मग आपण काय खातो?"

"बेडगी," ती म्हणाली. "रंग येतो छान."

"तीन वर्षं?"

"अहो, छातीत जळजळतं म्हणून दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? तिखट बंद. तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

काय म्हणालो असेन? तुम्हीच सांगा. आम्ही भिवापूरचे! आणि तीन वर्षं छातीत जळजळ नाही म्हणून मी सोसायटीभर सांगत फिरतोय की बघा, मिरचीनं ॲसिडिटी बरी होते! आणि ही बाई रोज तो बिनतिखटाचा रस्सा वाढून, समोर बसून, माझं भाषण ऐकत होती. एका शब्दानं बोलली नाही हो. राग यायला हवा होता मला. पण डोळ्यांतून आधीच इतकं पाणी येत होतं, की त्यात राग कुठला आणि बाकीचं कुठलं, मलाच कळेना.

तेवढ्यात दिगंबररावांनी हळूच विचारलं, "मग... मुलांचं काय ठरवायचं?" आणि नेमका मला ठसका लागला. एक, दोन, तीन... मान आपली हलतेय खाली-वर, खाली-वर! सोनाली ओरडली, "बाबा हो म्हणाले!" दोन वर्षांनी माझ्या गळ्यात पडली पोरगी. मग मीही ठसका थांबल्यावर आणखी दोनदा मान हलवली. मुद्दाम.

दिगंबररावांचा फोटो लागला तिथल्या भिंतीवर. प्लेट संपवणाऱ्यांचा लावतात म्हणे. आणि वेटरनं माझ्यापुढं काय ठेवलं असेल? थंड दुधाचा ग्लास! दिगंबरराव म्हणाले, "घ्या हो, संकोच करू नका." प्यालो! दोन ग्लास प्यालो!

घरी पोचतोय तर मैनाचा फोन. "दादा, अवंदाची मिरची लय जहाल निघाली बाप्पा, झेपन ना तुले?"

मी म्हटलं, "झेपन ना तुले काय विचारतेस? आम्ही भिवापूरचे!... फक्त तू असं कर मैना, पत्ता बदललाय, लिहून घे. कात्रज, डेअरीच्या मागं..."