एकोणीस आणि एक्क्याण्णव

—नाही गं वैष्णवी, व्हायरस वगैरे काही नाही, तू आधी बस. सुट्टीच्या दिवशी खाली बोलावलं, कळतंय मला, पण कम्प्युटरवाली भाडेकरू ठेवल्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. हा बघ प्रोग्राम. मीच लिहिलाय, ज्येष्ठांच्या क्लासात शिकून, अडुसष्टाव्या वर्षी. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर दर रविवारी एक कोडं येतं. आजचं सोपं होतं—मूळ संख्या, म्हणजे जिला दुसऱ्या कशानेच भाग जात नाही ती. अशा दोन अंकी शोधायच्या, की अंक उलटे केले तरी मूळच राहतील. तेराच्या एकतीस. सतराच्या एकाहत्तर. मी आधी कागदावर सोडवते, मग प्रोग्रामकडून तपासून घेते, रोज—हो, रोजच, कोडं नसलं तरी. तर माझ्या अकरा आल्या आणि हा नऊच दाखवतोय. एकोणीस आणि एक्क्याण्णव खातोय. म्हणजे बिघडलाय, नाही का? काल चालत होता, आज बिघडला. होतं ना असं? तुमच्या कंपनीत तर होतच असेल.

मी ग्रुपवर ठणकावून अकरा म्हणून टाकलंसुद्धा. कुणी चकार शब्द काढला नाही—आणि पुण्यातल्या शिक्षकांचा ग्रुप आहे तो, दुसऱ्याची चूक सापडली की सण असतो. फक्त महिपती सरांचा वेगळा मेसेज आला. 'नीरजाबाई, तब्येत बरी आहे ना?' आता चूक दाखवली असती तर चाललं असतं. तब्येत कशाला विचारायची?

रोज का तपासते? सवय. दिवाळीपासूनची. दिवाळीत स्वारगेटला बस पकडायला गेले होते, आणि तिथे उभी राहिल्यावर कुठली बस तेच कळेना. कुठे निघालेय तेच आठवेना. पिशवीत चकल्यांचा डबा होता, म्हणजे कुणाला तरी द्यायला निघाले होते—कुणाला? एक कंडक्टर दोनदा विचारून गेला, आजी, कुठे जायचंय. पाऊण तास उभी होते गं. शेवटी रिक्षा केली. घरचा पत्ता सांगता आला, तो आला. सलिलला नाही कळवलं. मुलगा काय करणार, बंगळुरूला घेऊन जाणार, झालं. म्हटलं आकडे शाबूत आहेत ना, मग बाकीचं वयाचं विसरणं. म्हणून रोज तपासते.

एक्क्याण्णववर बोट कशाला ठेवलंयस? भाग जातो? कशाने, सातने? छे, काहीतरीच. सातने कसा—तेर पाचे पासष्ट, तेर सक अठ्ठ्याहत्तर, तेर साती... थांब, सांगू नकोस. चौतीस वर्षं म्हणून घेतलंय मी पोरांकडून. तेर साती—

एक्क्याण्णव.

वैष्णवी, एक करशील? एखादी ओळ घाल ना त्यात, एकोणीस आणि एक्क्याण्णव येऊ देत त्याच्या यादीत. तुला काय, दोन मिनिटांचं काम—नको. हात लावू नकोस त्याला. त्याचं बरोबर आहे.

फोन घे माझा, सलिलला लाव. स्वारगेटचंही मीच सांगेन, तू मध्ये बोलू नकोस. वाजतोय? दे इकडे. आता वर जा तू. नाही, पाणी नको, काही नको. जा म्हटलं ना. आणि दार ओढून घे.