आर्डिथ स्लोनची बदललेली ओळ

प्यायली होती? कोण म्हणालं तुम्हाला असं? छापून आलंय—हो, छापून यायला काय, कंपनीनं सांगितलं की छापतात. नाही, आत नको, इथं ओसरीवरच बसा, आणि ते आवाज टिपायचं यंत्र बंद करा आधी. केलंत? दाखवा. हं. विद्यापीठातून आलोय म्हणता, आर्डिथवर पुस्तक लिहितोय म्हणता—मग बूट एवढे कोरे कसे? आमच्या डोंगरात चढून येणारा माणूस इतका स्वच्छ येत नाही, साहेब. खाण कंपनीनं तर नाही ना पाठवलं? नाही म्हणताय. तिथला असता तरी नाहीच म्हणाला असता! असू दे. ताक घ्या. मी शेंगा सोलत बोलते, थांबायला वेळ नाही मला.

आर्डिथ स्लोन दारू प्यायची का? प्यायची. गाताना? कधीच नाही. तिचा बाप इथल्याच खाणीत कोळशाची धूळ छातीत घेऊन खोकून खोकून गेला, त्याच्या उशाशी बसून ती गाणी रचायची—दुकानदारावर, मास्तरावर, पाद्र्यावरसुद्धा, आणि तो हसायचा, हसला की खोकायचा, मग आई हिला मारायची. डोंगरात जिनसेंगची औषधी मुळं खणून विकली आणि गिटार घेतली. एकोणिसाव्या वर्षी बसमध्ये बसून नॅशव्हिलला गेली, गाण्याच्या रेकॉर्डी निघतात त्या शहरात. दिवसा हॉटेलात भांडी घासायची, संध्याकाळी तिथंच गायची. रेकॉर्डवाले आडनाव बदल म्हणाले, बोली बदल म्हणाले, डोंगरातली वाटतेस म्हणाले—मी डोंगरातलीच आहे, म्हणाली. दोन रेकॉर्डी निघाल्या, कुत्र्यानंसुद्धा विचारलं नाही. मग ते गाणं आलं—माझ्या डेल्बर्टचं.

हो, माझा नवरा. ठाऊक नव्हतं तुम्हाला? खरंच? चेहऱ्यावरून तर ठाऊक असल्यासारखं वाटतंय.

खाणीचं छत कोसळलं, पलीकडे डेल्बर्ट अडकला. पाण्याचा लोखंडी नळ आतून बाहेर येत होता, त्याच्यावर तो ठोकत राहिला—ठक, ठक, थांबायचा, पुन्हा ठक. वर्तमानपत्रात आलं, ते वाचून आर्डिथनं तिकडे बसून गाणं केलं. ते असं चाललं, की ट्रक थांबवून ड्रायव्हर रडायचे म्हणतात. शेवटची ओळ तुम्हाला पाठच असेल—‘त्याचा ठोका थांबला, मग आमची फावडी थांबली.’ मी दुकानात पीठ घेत होते, रेडिओवर लागलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. पीठ तिथंच टाकून घरी आले.

त्या उन्हाळ्यात ती भेटायला आली, मोठ्या गाडीतून, केक घेऊन. ‘ओमा, ऐकलंस ना गाणं?’ म्हटलं, ‘ऐकलं. खोटं आहे.’ तिला वाटलं मी दुःखात बोलतेय. हात धरायला आली तर हात काढून घेतला मी. म्हटलं, ‘आर्डिथ, नळाला कान लावून मी बसले होते, तू नाही. कंपनीचा साहेब म्हणाला आत वायू साचलाय, सगळे बाहेर या. खणणारे फावडी टाकून बाहेर आले. फळ्या मारून खाणीचं तोंड बंद केलं. मी ओरडत होते, अहो ऐका, अजून ठोकतोय तो—आणि दोघांनी मला दंडाला धरून उचललं. ठोका थांबला नव्हता. कळलं? थांबला नव्हता.’ केक तसाच राहिला, मुंग्या लागल्या.

मग काय केलं तिनं? रेकॉर्डवाल्यांना म्हणाली, ओळ बदलायची. ते म्हणाले, वेड लागलंय का, खटला भरतील. बरं म्हणाली. आणि टीव्हीवर, थेट दाखवतात त्या कार्यक्रमात, सगळा देश बघत असताना उभी राहिली आणि शांतपणे गायली—‘आमची फावडी थांबली, अन् त्याचा ठोका चालूच.’ गिटार खाली ठेवली, निघून गेली. टाळ्या नाहीत, काही नाही. दुसऱ्या दिवसापासून रेडिओवर गाणं बंद, करार बंद, आणि खाण कंपनीनं उठवलं की बाई प्यायलेली होती, शब्द विसरली. कंपनीच्या वकिलांनी बोलावून एकच प्रश्न विचारला—तुला हे कुणी सांगितलं? कुणाची फूस होती? ‘गाणं माझं, तोंड माझं,’ एवढंच म्हणाली. पुढं सगळं आयुष्य इथल्या शाळेत पोरांचं जेवण रांधलं. लग्नात गायची, मयतीला गायची, संपावरच्या माणसांसाठी पावसात उभी राहून गायची. कडवट झाली? छे. माझ्या अंगणात बसून बटाटे सोलायची आणि नव्या गाण्याच्या चाली गुणगुणायची. गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्या मयतीला म्हाताऱ्या खाणकामगारांनी तेच गाणं म्हटलं, आणि शेवटची ओळ कुठली म्हटली, ते मी सांगायला नको.

म्हणून सांगते, प्यायलेली म्हणू नका तिला! प्यायलेल्या माणसाला असं जमत नाही. ती ओळ ऐन वेळी सुचलेली नाही, आठवडाभर ह्या स्वयंपाकघरात घोळत होती. आधी नव्या ओळीत ‘ठोका’ नव्हतंच, मी ‘हातोडा’ घातलं होतं, पण ते तिच्या चालीत बसेना, मग मी म्हटलं—

काय?

नाही. मी नाही म्हटलं. तिनं. तिनं ‘हातोडा’ घातलं होतं, असं म्हटलं मी. तुम्ही चुकीचं ऐकलंत. बघू नका असे माझ्याकडे. माझे दोन्ही दीर तेव्हा त्याच कंपनीच्या खाणीत होते, आज लेक उतरतोय—मी कशाला घालेन शब्द? मला लिहितासुद्धा धड येत नाही. आर्डिथ वकिलांपुढे बोलली नाही, मरताना बोलली नाही, आणि मी तुमच्यासारख्या कोऱ्या बुटांच्या माणसापुढे—

उठा. उठा म्हणते ना. ताक राहू दे. गाणं तिचं आहे, सगळंच्या सगळं, असंच लिहा. आणि ओढ्याच्या कडेनं जाऊ नका, सरळ रस्त्यानं जा—माझा मुलगा पाळी संपवून ओढ्याच्या वाटेनं येतो, त्याची न तुमची गाठ नको.