घरगुती कारणास्तव

मूळचा मी मिरजेचा. वडील कचेरीत कारकून, त्यामुळे धड बोलायच्या आधी अर्ज लिहायला शिकलो म्हणा ना. साऱ्या गल्लीचे रजेचे अर्ज माझ्या हातचे, आणि तीच गुर्मी घेऊन बासष्ट साली इथं ड्युसेलडॉर्फला आलो, यंत्रांच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून. खोलीत जोडीला गणपत, इचलकरंजीचा, लोहाराचा मुलगा. मी चार वर्षांनी मोठा, म्हणून मला अण्णा म्हणायचा. हात असा की जर्मन मास्तर त्याचं काम मापून बघायचा नाही, नुसतं या, या, म्हणजे हो, हो, म्हणून पुढं जायचा. भाषा मात्र त्याला येईना, म्हणून त्याची कागदाची कामं माझ्याकडं.

तर झालं असं, की गणपतचं फोरमनशी वाजलं आणि तो दुसऱ्या कारखान्यात गेला. काम तेच, शिक्षण तेच, पण राहण्याचा परवाना पहिल्या कारखान्यापुरता होता, हे ना त्याच्या ध्यानात आलं ना माझ्या. आउसलेंडरआम्ट म्हणजे परक्यांची कचेरी, तिनं देश सोडा म्हणून कागद धाडला. आम्ही कोर्टात दाद मागितली, तारीख पडली. त्याची परीक्षा तीन महिन्यांवर. सर्टिफिकेट मिळालं की गावी स्वतःचं वर्कशॉप काढायचं, तोवर राहू द्या, एवढंच त्याचं मागणं.

आणि तारखेच्या चार दिवस आधी त्याची मूळव्याध अशी उठली की ऑपरेशनच करावं लागलं. इस्पितळात पालथा पडून मला म्हणतो, अण्णा, तारीख पुढं ढकलायचा अर्ज लिहा, पण हे असलं काय लिहू नका, जज्जसाहेब वाचणार. मी म्हणालो, मी काय खुळा आहे? आपल्याकडं रीतच आहे, घरगुती कारणास्तव लिहायचं, खोदून कुणी विचारत नाही. तसंच लिहिलं, उत्तम जर्मनमध्ये, खाली आदर असा ओतला की शाई पुसावी लागली. डॉक्टरचा दाखला जोडायचं मनातही आलं नाही.

जज्जानं अर्ज फेटाळला, कारण पुरेसं नाही म्हणून. सुनावणी रिकाम्या खुर्चीसमोर झाली आणि निकाल विरुद्ध गेला.

मग वकील गाठला. म्हाताऱ्यानं अर्ज वाचला, चष्मा काढला. म्हणाला, आल्झो, म्हणजे बरं तर, यांच्या घरी नेमकं झालं काय होतं? मी सांगितलं. मग तेच का नाही लिहिलंत? मी म्हणालो, असलं लिहीत नाहीत. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि अपील केलं.

वरचं कोर्ट परगावी. तीन न्यायाधीश काळे झगे घालून आले, सगळ्यांनी उठायचं, बसायचं, परत उठायचं, आमच्याकडं मुंजीत एवढी उठबस नसते. दुभाषा मीच. वकिलानं इस्पितळाचा दाखला पुढं केला. मधल्या न्यायाधीशानं विचारलं, हा खालच्या कोर्टापुढं होता का? नव्हता. अर्जात आजाराचा उल्लेख होता का? नव्हता. मग म्हणाला, आजारी माणसाला तारीख मिळायलाच हवी, पण आम्ही त्यांचं दुखणं तपासायला बसलो नाही. त्या दिवशी खालच्या न्यायाधीशाच्या हातात जो कागद होता, त्यावर नकार देणं चूक होतं का, एवढंच बघतो. आणि त्या कागदावर चूक नव्हती.

हे सगळं मराठीत गणपतला मलाच सांगायचं होतं. सांगितलं. तो म्हणाला, बरोबर आहे की त्यांचं, अण्णा.

तो गेला. परीक्षा मी दिली, पास झालो, इथंच राहिलो, आता हाताखाली नऊ माणसं आहेत. तो गावी दुसऱ्याच्या वर्कशॉपात आहे. कागद नाही म्हणून मालक त्याला वरची जागा देत नाही, हे मला दुसऱ्याकडून कळलं. त्याचं पत्र दर दिवाळीला येतं, अण्णा, थंडीत छाती जपा म्हणून. चूक माझी होती, असं मी पाच-सहा वेळा लिहिलं असेल, त्यावर एक अक्षर नाही. एकदा शिवी घातली असती तर बरं झालं असतं. असो. देव त्याचं भलं करो. माझं करून झालंय.