उन्हाचा खर्च

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा आणि त्यांची इंजिनिअर लेक बसली होती. लेकीच्या मांडीवर लॅपटॉप.

"बॅटरीला लागणारं लिथियम, बाबा. खाऱ्या पाण्यातून काढावं की चिकणमातीतून, ते मला उद्या कंपनीला सांगायचंय."

"पाण्यातून. तीस वर्षं मिठागरात मी तेच केलं. आपण तळ्यात पाणी सोडायचं, आटवायचं काम ऊन करतं."

"माझाही हिशेब तेच म्हणतो. मातीला आम्ल लागतं, भट्टी लागते. खर्च जवळजवळ दुप्पट."

"पण माती माल कधी देते?"

"काही दिवसांत."

"आणि तळ्यातल्या लिथियमला दीड वर्ष लागतं, तूच म्हणालीस. पाऊस किती धरलास?"

"सरासरी."

"सरासरी पाऊस मी कधी पडताना पाहिला नाही, पोरी. एक वर्ष कोरडं ठणठणीत, पुढच्या वर्षी आठ महिन्यांची मेहनत वाहून जाते. ते धर."

"धरलं. आता तुमची तळी जेमतेम जिंकतायत."

"जेमतेम तर जेमतेम. खरं असेल ते लिही."

"आमच्या अख्ख्या ऑफिसात हे कुणाला सुचलं नाही, बाबा."

"ऑफिसात पाऊस पडत नाही ना."

"बरं, उन्हाचा खर्च मी शून्य लिहिलाय."

"बरोबर. ऊन फुकटच."

तेवढ्यात नर्सने हाक मारली, "मोतीबिंदूवाले आजोबा, या. फार वर्षं उन्हात काम केलंत का हो?"

"केलं की, पांढऱ्याफेक मिठाच्या बांधांवर. चल गं, हात दे. पायरी दिसत नाही."

"थांबा बाबा, आधी हे शून्य खोडते."