फुलवाल्याकडे फुलं काय न्यायची

नाही, तुम्हीच सांगा, असली बातमी यायची तर माणूस जरा मोकळा असताना यावी की नाही? मी गुडघाभर फुलांत बसलेलो, लग्नाची ऑर्डर, दुपारी एकला गाडी येणार, हातात गुलाबाचे काटे काढायची कात्री, आणि फोन वहिनीचा. "भावजी, हे गेले हो." मी म्हटलं, "गेला कुठं? सकाळी माल उतरवून चहाला घरीच तर आलाय." चहा अर्धा प्यायला होता म्हणे. अर्धाच.

आता माझा मूर्खपणा ऐका. दादा आणि मी, तीस वर्षं फुलांचं दुकान, आणि दादाचा नियम एकच : कबूल केलेली ऑर्डर गेलीच पाहिजे, मग आभाळ कोसळो. तर ते कोसळल्यावर मी काय करावं? ऑर्डर पुरी केली! शर्टाच्या बाहीला डोळे पुसत शेवटची काडीसुद्धा गाडीत चढवली, वर मनात म्हणतोय, दादाला बरं वाटेल... घरी पोचलो तर सगळी गल्ली जमलेली आणि सगळ्यांचे हात रिकामे. का? शेजारचे मास्तर दुसऱ्याच्या कानात सांगत होते, "फुलवाल्याकडे फुलं काय न्यायची? ढीग असेल त्यांच्याकडे." होता ना ढीग, लग्नाला गेला. फुलं आणायला माणूस पळवला, तर दुपारची दुकानं बंद. ज्यानं तीस वर्षं गावातल्या प्रत्येक मयताला फुलं पुरवली तो स्वतः निघाला, आणि फूल मात्र एकही नाही.

याला पाच महिने झाले. मी कुणाजवळ बोललो नाही, पण पुतणी बापावर गेलीय, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. "काका, रोज एवढ्या बादल्या भरता, बाबांच्या फोटोपुढे एक फूल नाही ठेवत तुम्ही." मी म्हटलं, "बघू." काय सांगणार तिला? पहिलंच दिलं नाही, आता दुसरं कोणत्या तोंडानं ठेवू? तर तिनं प्रदर्शनाची तिकिटं काढली. "चला काका, फुलांचंच आहे. फुलं, माणूस, निसर्ग. जरा बरं वाटेल." सुट्टीच्या दिवशी न्हाव्याला केस बघायला न्यावं तसं!

गेलो. दारात चपला काढून घेतल्या, पांढरे मोजे दिले, आणि तिथली बाई, दवाखान्यात बोलतात ना, तशा आवाजात, "आत कशाला हात लावू नका हं." आत काळोख. भिंतीवर उजेडाची फुलं, छतावर, जमिनीवर, पुढच्या गृहस्थांच्या टकलावर ही एवढी शेवंती... आणि फूल मात्र एकही नाही. हात लावू कशाला, टकलाला?

वरून आवाज यायला लागला. "आपण निसर्गापासून दूर गेलो आहोत... खोल श्वास घ्या..." घेतला. वास हात धुवायच्या साबणाचा! तीस वर्षं बादल्यांतलं कुजकं पाणी उपसतोय, नखात हिरवं साचलंय, मी कुठून दूर गेलो बाबा? दादा म्हणायचा, "फुलाचे दिवस दोन. तिसरा दिवस आपण विकतो ती आपली लबाडी." इथं तर कोमेजायची सोयच नाही. पाकळी गळते, जमिनीला लागते, पुन्हा वर चढते. दादा असता तर म्हणाला असता, "अरे, यांच्याकडून शीक."

शेवटच्या खोलीत एक गोल, त्यात उभं राहायचं. "गेलेल्या आपल्या माणसाचं नाव घ्या, त्यांच्यासाठी फूल उमलेल." पुतणीनं पाठीला हलकेच हात लावला. "घ्या ना काका." म्हटलं, "दादा." यंत्र म्हणतं, "कृपया पुन्हा बोला." "दादा." "कृपया मोठ्यानं बोला." मागं रांग, कुणीतरी घड्याळ बघतंय, आणि मी, पंचावन्न वर्षांचा घोडा, मोज्यांवर उभा राहून ओरडलो, "दादा!" अशी हाक मी त्या दिवशीही मारली नव्हती, ऑर्डर होती ना...

उमललं. भिंतभर गुलाब, पानं कमळाची. पुतणी रडायला लागली. मी हात पुढं केला तर गुलाब माझ्याच तळव्यावर, कात्रीच्या घट्ट्यांवर, आणि दहा मोजेपर्यंत विझला. "पुढचे या."

बाहेर पडल्यावर म्हटलं, "चल, दुकान उघडू." कुलूप काढलं, दिवा लावला. सुट्टी म्हणून आदल्या दिवशीच सगळा माल काढून टाकलेला, बादल्या धुऊन पालथ्या घातलेल्या. मीच घातलेल्या, दादाच्या शिस्तीत. पुतणीनं एकेक उलटून पाहिली. "काका, एकही नाही हो."

"उद्या सकाळी येतील," म्हटलं.

आली. बारा बादल्या भरून आली. ऑर्डर होती, गेली सगळी. दादाला फूल द्यायचं राहिलंय.