डबीनं म्हटलं, मी नाही!

...आणि वर मलाच विचारता, "काकू, तुम्ही बसता तरी कधी हो?" बसता कधी! अहो, बसूनच तर सगळं झालं ना! सरका बाई जरा, टेकू द्या मला ह्या बाकावर. आमचे हे तिकडं बुटाची नाडी बांधताहेत, आणि ती गणिताच्या मास्तरांची नाडी, दोन्ही टोकं सारखी आल्याशिवाय गाठ बसायची नाही, तेवढ्यात सांगून टाकते. कारण तुम्ही सगळ्याजणी माझ्याकडं ज्या कौतुकानं बघता ना, ते मला काट्यासारखं टोचतं हो!

तर तुम्हाला सांगते, रक्तात साखर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चाला. रोज चाला. तीन महिन्यांनी बघू, नाहीतर मग सुई." सुई म्हटल्यावर मी घरी आले ती थेट देवासमोर उभी राहिले आणि नेम बोलून बसले. सवयच आहे मला. मुलाच्या तापाला नेम, ह्यांच्या खोकल्याला नेम, एकदा गळक्या नळालासुद्धा नेम केला होता, आणि थांबला होता नळ, हसू नका! तर म्हटलं, देवा, रोज सहा हजार पावलं झाल्याशिवाय रात्रीचं जेवण जेवणार नाही. सहा हजार म्हणजे किती लांब, हे आधी विचारायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही. देवानंसुद्धा नाही!

सूनबाईनं दुसऱ्याच दिवशी डबी आणली. काड्यापेटीएवढी. चिमट्यानं कमरेला लावायची, वर आकडा, खाली एक बटण, बस्स. "आई, ही काही बोलत नाही, काही मागत नाही. तुम्ही चाललात की नुसती मोजते." गुणाची पोर हो! आणि मी निघाले. जिना खाली, जिना वर, गल्लीच्या टोकाला, टोकावरून परत... कोपऱ्यावरचा कुत्रा पहिल्या फेरीला भुंकला, चौथ्या फेरीला नुसता उठून बसला आणि आठव्या फेरीला माझी कीव येऊन शेपटी हलवायला लागला. आणि डबी काय म्हणते? दोन हजार! बाई गं! हे जेवून, हात धुऊन, वर्तमानपत्राचं शेवटचं पान वाचताहेत आणि मी आपली ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत, मध्ये माझं ताट झाकलेलं. म्हटलं, "अहो, झाले असतील हो सहा हजार, डबी मागं असेल." तर पान न उलटता हे म्हणतात, "आकडा खोटं बोलत नाही."

चौथ्या दिवशी पायांनी सांगितलं, आम्ही नाही. मग काय करणार, पोटात कावळे ओरडताहेत, माळ घेतली आणि बसले देवासमोर. आता मी माळ हातात घेतली की डुलते. लहानपणापासूनची खोड, पुढं-मागं, पुढं-मागं, नाव घेताना आपोआप. माळ संपली, उठले, सहज डबी बघितली, तर... बसताना अडीच हजार होते ते उठताना चार हजार! मी हातच जोडले. देव पावला! म्हटलं, माझ्या माउलीला माझी भूक बघवली नाही, माझ्यासाठी स्वतःच चालून आला!

तुम्ही म्हणाल, एवढी कशी गं भोळी? भोळी कसली! पुन्हा बसले, डुलले, वाढला. थांबले, थांबला. कळलं की मला! पण उपाशीपोटी कळणं वेगळं आणि जेवल्यावर कळणं वेगळं. म्हणून आधी जेवले. जेवल्यावर नीट कळलं, तोवर नेम पुरा झाला होता! आणि मी खोटं बोलले का? शब्दानं नाही. सूनबाई आली, डबी बघितली, "आई! सहा हजार?" मी माळ डोळ्यांना लावली. मी कुठं काही म्हटलं? डबीनं म्हटलं!

मग काय, भक्ती वाढली! एका माळेच्या पाच माळा झाल्या. पण तुम्हाला खरं सांगते, नाव देवाचं आणि नजर कमरेवर. डोळे मिटायचे तर एक डोळा किलकिला. आणि घरात माझा मान काय वाढला म्हणता! हे भाजीवाल्याला सांगतात, इस्त्रीवाल्याला सांगतात, "आमच्याकडं सहा हजाराला साडेसहा हजार होतात, आकडा खोटं बोलत नाही!" सूनबाईनं आपल्या आईला कळवलं. तर विहीणबाई ईर्षेनं चालायला लागल्या, आणि त्या मेल्या खरंच चालल्या हो! दोन महिन्यांनी आल्या त्या अर्ध्या होऊन आल्या. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणतात, "विहीणबाई, हे सगळं तुमच्यामुळं!" मी जमिनीकडं बघत राहिले. मी कुठं काही म्हटलं होतं? डबीनं म्हटलं!

आणि आले तीन महिने भरत. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला. साखर होती तिथंच. वजनाच्या काट्यावर उभी केली, तर काटा उलट थोडा पुढं! त्यांनी डबी बघितली, मला बघितलं, पुन्हा डबी बघितली. "रोज इतकं चालता?" मी तोंड उघडलं, पण शेजारून हे, छाती काढून, "रोज! मी साक्षीला आहे." बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजावं, बातमी बरी नाही. "मग हे साधं दिसत नाही," म्हणाल्या, "इतकं चालून फरक नाही म्हणजे आत दुसरं काहीतरी असणार. मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या करून घेऊ."

आता बोलायचं ना मी! तिथंच बोलायचं! पण ह्यांचा चेहरा असा उतरला, मला वाटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी गेले तर सूनबाईचे डोळे भरलेले. म्हटलं, उद्या सांगू. आणि उद्या? उद्या हे ओट्याशी उभे राहून भाजी चिरताहेत! आयुष्यभर ज्यांनी भाजीत मीठ का कमी एवढंच विचारलं, ते! सगळे तुकडे एका मापाचे. "तू बस," म्हणतात, "अजिबात उठू नकोस." मी बसले, तोंडाला पदर लावून रडले, आणि तुम्हाला सांगते, हुंदक्यांनीसुद्धा चाळीस-पन्नास पावलं वाढली! मेली डबी रडूसुद्धा देईना!

त्याच संध्याकाळी सूनबाई मुलाशी बोलताना कानावर पडलं. तिच्या ऑफिसात वरच्या जागेसाठी तिची निवड झाली होती. दोन वर्षं वाट बघितली होती पोरीनं. महिनाभर दुसऱ्या शहरात शिकायला जायचं होतं. म्हणते, "उद्या सकाळी जाऊन नाही म्हणून सांगते. आईंच्या तपासण्या होईपर्यंत मी कुठं जाऊ?" आणि मी भिंतीला टेकून उभी. धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, असं वाटलं. पण धरणीसुद्धा कशी पोटात घेईल हो, वजन वाढलेलं!

सकाळी उठले ती ठरवून उठले, की आधी देवाची क्षमा मागायची, मग माणसांची. बघते तर देवासमोर हे बसलेले! हे! ज्यांनी लग्नात हात जोडले तेवढेच! माझी माळ उलटी धरलेली, मणी कसा ओढायचा ते माहीत नाही, आणि पुटपुटताहेत, "मला ह्यातलं काही येत नाही. पण तिचा नेम मोडू नये, ती उपाशी राहते, म्हणून आजपासून तिची पावलं मी चालतो. चालेल ना?" आणि कमरेला माझी डबी! आणि तुम्हाला सांगते, तो अडाणी माणूस देवाशी बोलता बोलता डुलायला लागला. पुढं-मागं, पुढं-मागं.

मग त्यांची नजर गेली खाली.

थांबले. डबीकडं बघितलं. डुलले. बघितलं. पुन्हा थांबले. मास्तर ते, तीनदा ताळा केल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारायचे नाहीत. मी दारात उभी, तोंडात तेच आलं होतं, "मी कुठं काही..." आणि हे वळले. रागावले नाहीत हो. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते म्हणाले, "म्हणजे तुला काही झालेलं नाही?" आणि डोळे पुसले.

तेवढ्यात खालचं फाटक वाजलं. सूनबाई निघाली! ऑफिसात नाही म्हणायला! मी तशीच पळाले. अनवाणी! तीन जिने, गल्ली, कोपरा, तो कुत्रा घाबरून भिंतीवर चढला, आणि पोहोचले बसथांब्यावर. रांगेत वीस माणसं आणि मी धापा टाकत, "नाही म्हणू नकोस! जा तू! मी बसून... डुलून... सगळे आकडे बसून केले गं!" तिला काही कळेना. माझे खांदे धरून म्हणते, "आई, तुम्ही बऱ्या आहात ना?" म्हटलं, "बरी आहे गं. बरीच आहे. नुसती खोटी आहे!" सगळी रांग वळून बघायला लागली. ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "आई, पायात काहीतरी घालून यायचं." आणि बसमध्ये चढली. गेली हो ती, महिनाभर राहून आली, आता वरच्या जागेवर आहे. पण दैव बघा माझं! जन्मात एकदा खरी धावले, आणि डबी ह्यांच्या कमरेला!

डॉक्टरीणबाईंनाही जाऊन सांगितलं. पेन ठेवलं त्यांनी. म्हणाल्या, "मला वाटलं, मीच काहीतरी शिकायची राहिले." मान वर होईना माझी. देवाला तर रोज सांगते. तो रागावला नसेल असं वाटतं मला, कारण ह्यांना डुलवलं कुणी? त्यानंच ना?

तपासण्या टळल्या, पण डबी गेली कपाटात. हे म्हणाले, "यंत्राचं काम नाही. मी मोजतो." आणि मोजतात हो! मोठ्यानं! भर रस्त्यात! "एक हजार चारशे सात, एक हजार चारशे आठ..." मध्ये कुणी नमस्कार केला की आकडा जातो, आणि आकडा गेला की पुन्हा पहिल्यापासून. परवा ओळखीचे तिघं भेटले, मी जेवले ते पार उशिरा! डबी बरी होती हो, ती निदान मनात मोजायची. आणि तुम्ही विचारता, बसता कधी...

आले बघा. झाली नाडी. काय? काय म्हणताय? नाडीच्या नादात विसरलात? "कितीवर होतो गं आपण?" म्हणून मलाच विचारताहेत!

बघा! बघा आता! तोंडात पाच हजार आलंय हो माझ्या, अगदी जिभेच्या टोकावर, ह्यांना काही आठवत नाही, तुम्ही काही मोजलेलं नाही, आणि म्हणायला ती डबीसुद्धा नाही...

"एकपासून घ्या," म्हटलं. मीच म्हटलं!