शिट्टी वैजयंताच्या हातात

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक प्रश्न विचारतो. नवरा एका बाजूला आणि खरं दुसऱ्या बाजूला उभं राहिलं, तर बाईनं कोणाकडे जावं? बायांनो, तुम्ही थांबा. आधी पुरुष सांगतील. नेहमीसारखं.

कोणी बोलत नाही? मग ऐका.

आंबेवाडीची वैजयंता लग्नाआधी जिल्ह्याकडून कबड्डी खेळायची. तिचा नवरा दिगंबर गावाकडून. लग्न झालं, अंगाला हळद लागली. दिगंबर खेळत राहिला, वैजयंता त्याची खेळाची चड्डी धूत राहिली. तिला खेळ सोड असं कोणी म्हणालं नाही, मंडळी. पुन्हा कधी खेळणार, एवढंच कोणी विचारलं नाही.

पण बाई हुशार! बाळंतपणाला माहेरी गेली, ती मांडीवर लेक घेऊन पंचाची परीक्षा पास होऊन आली. सासरी बारसं गाजलं. परीक्षेचं घरात कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

पुढं जत्रा आली. अंतिम सामना, आंबेवाडी विरुद्ध शेजारची खालची वाडी. आणि ऐन वेळी पंच मोटारसायकलवरून पडले! दुसरा पंच कुठून आणायचा? शाळेच्या गुरुजींना वैजयंताची आठवण झाली. जत्रेचे प्रमुख बाजीराव अण्णा म्हणाले, बाई कशी चालेल? खालच्या वाडीचे म्हणाले, बाई चालेल, पण ती त्यांची सून आहे. म्हणजे बघा, एकाला ती बाई म्हणून नको, दुसऱ्याला सून म्हणून. पंच म्हणून तिच्याकडे कोणी बघेना. शेवटी दुसरा इलाजच नाही, म्हणून शिट्टी तिच्या हातात आली. साडीचा पदर खोचून ती मैदानात उतरली.

गुण बरोबरीत. शेवटची चढाई. चढाईला कोण? दिगंबर! गडी आत घुसला, कोपऱ्यातल्याला शिवला, परत आला. गावानं गुलाल उधळला.

वैजयंतानं शिट्टी वाजवली आणि हात खालच्या वाडीकडे केला. शिवायच्या आधीच पाय रेषेबाहेर गेला होता. चढाईवाला बाद. आंबेवाडी एका गुणानं हरली.

वैजयंताचा हात काही खाली आला नाही. बाजीराव अण्णा दिगंबरकडे वळले.

"दिगू, तुझ्या बायकोला सांग काहीतरी."

दिगंबरनं अंगावरचा गुलाल झटकला. चेहरा रागानं लाल झाला होता. म्हणाला, "मैदानात ती पंच आहे. आणि पाय बाहेर होता."

लगेच प्रेमानं हसला वगैरे नाही हं. घरी जाताना दहा पावलं पुढंच चालला. सासूबाई अनुसया, जन्मात कबड्डी न बघितलेली बाई, तिनं सुनेला एवढंच विचारलं, पाय बाहेर होता का? वैजयंता म्हणाली, होता. सासूबाई म्हणाल्या, मग जेवायला बसा. दिगंबर जेवला. सकाळी त्यानंच बायकोला विचारलं, पाय नेमका चुकला कुठं? तिनं अंगणात रेघ ओढून दाखवलं.

आज वैजयंता शाळेच्या मैदानावर मुलींचा संघ तयार करते. नात सासूबाई सांभाळतात.

आता आपल्याकडे येऊ. उद्या तुमच्या गावात सामने आहेत. मुलांचे संध्याकाळी, दिव्याखाली, मांडवासकट. मुलींचे भर दुपारी, उन्हात. कारण विचारलं तर म्हणाले, मुलींचे बघायला कोण येतंय?

तर मंडळी, मी जाणार आहे. आणखी कोण कोण येणार, हात वर करा.

बायांचे दिसले. पुरुषांनो, मृदंग थांबलाय. मीही थांबलोय. मला घाई नाही.